नाव कुणाचे?

फ्लॉरेन्सच्या कास्चिने बागेत आमच्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे स्मारक आहे. विलायतेहून परतताना, १८७० साली, ऐन विशीत ते त्या शहरी वारले. आर्नोच्या काठी त्यांचे दहन झाले. ते स्मारक पाहून मी परतलो, तो खिशात पासपोर्ट नाही, बँकेचे कार्डही नाही!

कार्ड एका फोनने बंद झाले. पोलिसांनी मात्र विचारले, "आपण कोण?" महाद्वार रोडवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, तिथे 'अमक्यांचा धाकटा' एवढे पुरते. इथे नाव सांगणारा मी आणि साक्षीदारही मीच. बागेतला राजा माझ्या गावचा, हा काय तो पुरावा!

पुढे वकिलातीने एकदाच मायदेशी परतण्यापुरता दाखला दिला. तेव्हा समजले, १९६७ च्या कायद्याने पासपोर्ट सदैव सरकारच्याच मालकीचा. मग चोराने माझे असे नेले तरी काय?

हिला फोनवर सांगितले, तर म्हणाली, "नाव तर तुमचंच आहे ना? मग या घरी."

रात्रभर तेच घोळत राहिले. नाव तरी माझे कुठले? तेही बारशाला आत्याने ठेवलेले.