गल्ला कुणाच्या हातात?

परक्याचा पैसा घ्यायचा की नाही? आपल्या बैठकीत हा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, घेतला की विकला गेलास. दुसरा म्हणतो, उपाशीपोटी ढोलकी वाजत नाही. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

सोवळेपणाचा आव आपण तरी आणू नये. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९२० साली 'मूकनायक' निघाला त्यात शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. म्हणून 'मूकनायक' काय कोल्हापूर दरबारचा झाला? बडोद्याच्या शिष्यवृत्तीला तर अट होती, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. पण अट कागदावर होती. सही करणाऱ्याला दिसत होती.

याच्या उलट 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम'. १९५० साली बर्लिनला जन्मली. देशोदेशीचे लेखक एकत्र आणायची, मासिकं चालवायची. मुंबईच्या 'क्वेस्ट'मागेही तिचाच आधार. १९६६-६७ मध्ये बिंग फुटलं की पैसा अमेरिकेच्या सीआयएचा. लिहिणाऱ्या कित्येकांना पत्ताच नव्हता. लेख त्यांचेच, प्रामाणिकही असतील. पण ते कुणाच्या खात्यावर जमा होतायत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पैसा परका असण्यापेक्षा हे वाईट.

आता आपल्या दारातलं सांगतो. गेल्या साली आमच्या पथनाट्यवाल्या पोरांकडे शहरातल्या एका संस्थेचे साहेब आले. इंग्लंडात वस्तीत काम करणारी एक नाटकमंडळी आणि आम्ही, दोघांची 'भागीदारी'. अर्ज इंग्रजीत. आमच्यातल्या बीएला असलेल्या पोरीनं वाचून दाखवला. तिकडच्यांची विमानभाडी होती, हॉटेल होतं, फोटोवाला होता, सगळं झाल्यावर अहवाल लिहिणाऱ्याची फी होती. आमच्या नावापुढे 'स्थानिक समाजाचा सहभाग'. रक्कम निरंक. मी विचारलं, साहेब, तालमीपायी माझी सूतगिरणीतली तिसरी पाळी बुडाली तर खाडा कोण भरणार? साहेब हसले. म्हणाले, तुमची तर बांधिलकी आहे ना!

बांधिलकी हा शब्द आपला. आणि कापला जातो तोही आपल्याच पगारातून. गंमत बघा.

कायद्याची तऱ्हा त्याच्या वरची. विदेशी अंशदान कायदा पहिल्यांदा आला १९७६ साली, आणीबाणीत. २०१० साली नवा झाला. त्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि परदेशातून आलेला पैसा एका संस्थेनं दुसरीकडे वळता करायला बंदी आली, दुसरीची नोंदणी असली तरी. म्हणजे गल्ला ज्याच्या नावावर, मालक तोच. आमच्यासारख्या बिननोंदणीच्या टोळक्यानं व्हाउचरवर सही करून मानधन उचलायचं. फोटोत भागीदार, हिशेबात रोजंदार.

अशा वेळी मला केनियातलं कामिरिथु आठवतं. लिमुरुजवळचं गाव. बाटाच्या कारखान्यात, चहाच्या मळ्यांत राबणारी माणसं. १९७७ साली त्यांनी स्वतःच्या हातांनी उघड्यावरचं नाट्यगृह बांधलं आणि न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांचं नाटक आपल्या गिकुयू भाषेत उभं केलं. तालमी बघता बघता गावकरीच संवाद दुरुस्त करायचे. सरकारनं प्रयोग बंद पाडले, थिओंगोंना खटला न चालवता वर्षभर डांबलं. १९८२ साली पोलिसांनी नाट्यगृहच जमीनदोस्त केलं. कुणी म्हणेल, बघ, घाम त्यांचा, जागा त्यांची, तरी वाचलं का? नाही वाचलं. स्वावलंबन म्हणजे चिलखत नव्हे. पण ते पाडायला पोलीस आणावे लागले. कुण्या दात्यानं 'यंदा निधी नाही' असं पत्र धाडलं असतं तर त्यानं ते बंद पडलं नसतं.

आम्ही तो अर्ज फाडला नाही, भरूनही दिला नाही. मधल्या साहेबांना वगळून थेट तिकडच्या मंडळीला चिठ्ठी लिहिली. अंदाजपत्रक दोघांनी बसून करू. खाड्याचा पगार त्यात धरू. तुमचे चार इकडे आले तर आमचे चार तिकडे येतील. आणि पै न् पैचा हिशेब मराठीत, आमच्या वस्तीत, मोठ्यानं वाचला जाईल. बसत असेल तर या.

त्यांच्यातली निम्मी माणसं म्हणे गोदामांत रातपाळ्या करतात. तसं असेल तर खाडा म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तालीम सुट्टीच्या दिवशी.