कक्षसंगीत आणि श्रोत्याचा अधिकार

‘चेंबर म्युझिक’ला ‘कक्षसंगीत’ हा प्रतिशब्द योजला, की लक्ष जागेच्या आकाराकडे वळते. वस्तुतः या संगीताचे स्वरूप कक्षाच्या क्षेत्रफळावरून नव्हे, तर वादकांच्या परस्परसंबंधावरून ठरते. हायडनने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या रूपाला प्रौढत्व दिले, त्या तंतुवाद्य-चतुष्टयात दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असतात. प्रत्येक स्वररेषा एकच वादक वाजवतो. संचालक नसतो. वाद्यवृंदात एकाची चूक समूहात विरून जाऊ शकते. येथे ती सोय नाही. केव्हा पुढे यावे, केव्हा मागे सरावे, हे इतरांचे ऐकूनच ठरवावे लागते. श्रवण ही येथे वादनाचीच पूर्वअट होय. १८२९ साली गटेने एका पत्रात चतुष्टयाला चार विवेकी माणसांच्या संभाषणाची उपमा दिली, ती याच अर्थाने.

परंतु संभाषण चौघांचे असेल, तर ते ऐकणाऱ्या पाचव्याचा त्यावर अधिकार कोणता? आपल्याकडील बैठकीत श्रोत्याची दाद गायकाच्या पुढील विस्ताराला वळण देऊ शकते. चतुष्टयाच्या लिखित संहितेत त्याला अशी जागा नाही. तरीही एकदा त्याचा आक्षेप संहितेपर्यंत पोचला. बेथोव्हनचे ओपस १३० हे चतुष्टय मार्च १८२६ मध्ये व्हिएन्नात प्रथम सादर झाले. त्याचा अंतिम भाग, एक प्रदीर्घ फ्यूग, श्रोत्यांना दुर्बोध वाटला. प्रकाशकाच्या आग्रहावरून बेथोव्हनने त्याच वर्षी दुसरा, सुगम शेवट लिहिला. फ्यूग ओपस १३३ म्हणून १८२७ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली.

ही तडजोड मानायची की श्रोत्याविषयीचा आदर? दुर्बोधता हा कलावंताचा अहंकार, असा आरोप येथे सहज संभवतो. मात्र त्या फ्यूगमध्ये चारही स्वररेषा इतक्या निकराने परस्परांना छेदतात, की स्वतःचा स्वर न सोडता दुसऱ्याचा ऐकणे ही वादकांचीच कसोटी ठरते. श्रोत्याकडून तिची अपेक्षा याहून वेगळी नाही. जो भार वादक स्वतः वाहतात, त्याचाच वाटा ते त्याच्याकडे मागतात. अशा मागणीला अहंकार म्हणता येत नाही. श्रोत्याला आक्षेपाचा अधिकार आहेच. पण कक्षसंगीतात तो श्रवणाच्या कर्तव्यानंतर येतो, त्याआधी नव्हे.