स्कॅनरला सरळ ठाऊक नसतं

स्कॅनरच्या पडद्यावर 'कॅलिब्रेशन पूर्ण' उमटलं की गिऱ्हाईक खिशात हात घालतं. नेमकं तेव्हाच मला स्वतःला विचारावं लागतं, खरंच पूर्ण झालं का? कारण शून्य चुकीचं नोंदलं गेलं तरी तीच अक्षरं उमटतात.

लांजीत माझ्या गॅरेजात हल्ली येणाऱ्या छोट्या गाड्यांपैकी बहुतेकींचं पॉवर स्टेअरिंग विजेवर चालतं. तेल नाही, पंप नाही. स्टेअरिंगच्या कॉलममध्ये पीळ खाणारी एक बारीक सळई असते. चाक वळवलं की ती किंचित पिळते, टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो आणि मोटर त्या मानाने जोर लावते. 1988 मध्ये सुझुकीच्या सर्व्हो गाडीत ही सोय आली. आज ती आमच्याकडच्या धानाच्या व्यापाऱ्याच्या गाडीतही आहे. कॉलम बदलला, कंट्रोल युनिट बदललं, काही गाड्यांत नुसती बॅटरी काढली, तरी संगणकाला पुन्हा सांगावं लागतं की हा झिरो.

सांगणारा मी. गाडी सपाट जागी हवी, पुढची चाकं सरळ हवीत, बॅटरी भरलेली हवी आणि स्टेअरिंगला कुणाचं बोटही लागता कामा नये. मग डॅशबोर्डखालच्या सॉकेटात स्कॅनर लावून बटण दाबायचं. त्या वेळी हात स्टेअरिंगवर विसावलेला असेल तर त्या हाताचा भारच शून्य म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते. स्टेअरिंग किती वळलं हे मोजणाऱ्या अँगल सेन्सरचंही तसंच. अलाइनमेंट बिघडून स्टेअरिंग थोडं तिरपं झालेलं असताना 'हेच सरळ' म्हणून सांगितलं, तर तो निमूट मान्य करतो. डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा लाईट जातो, तिरपेपणा राहतो. गिऱ्हाईकाला हे तपासता येत नाही आणि यंत्र हरकत घेत नाही. साक्षीदार मी एकटाच.

"भाऊ, तो लाईट तेवढा बंद करून द्या, बालाघाटला निघायचं आहे," असं कुणी म्हटलं की मला मोह होतो. नुसता पैशाचा नाही. चार लोकांसमोर मशीन हातात घेतली की मान मिळतो आणि तो मला आवडतो. जुने मिस्त्री आवाजावरून इंजिनचा आजार ओळखायचे. तेवढा मान त्यांना कुणी दिला नाही. या मानात माझा वाटा किती, हे बघायला बसलो तर थोडाच निघतो. दोन्ही टायरांत हवा सारखी आहे ना, टाय-रॉड हलवला तर ढिला लागतो का, गाडी सरळ चालताना स्टेअरिंग सरळ राहतं का, एवढं पाहणं माझं. बटण तर पोरगाही दाबेल. मजुरी मी या पाहण्याचीच घ्यावी.

सगळ्यांत अवघड वेळ येते ती टॉर्क सेन्सरच मरायला टेकलेला असतो तेव्हा. थंड असताना झिरो घेतो, तापला की सरकतो. पुष्कळ गाड्यांत तो सुटा मिळत नाही, अख्खा कॉलम घ्यावा लागतो. हे सांगताच समोरच्याचा चेहरा पडतो. मग पुन्हा झिरो करून 'काढा अजून काही दिवस' म्हणावंसं वाटतं. ते दयेपोटी वाटतं, की हा आता गोंदियाला दुसऱ्या गॅरेजात जाईल या धास्तीने? मनाला खडसावून विचारलं तर धास्तीच जास्त निघते. आणि दया असली तरी ती कुणावर? हीच गाडी एखाद्या रात्री घरातल्या आजारी माणसाला घेऊन बाघ नदीपलीकडे आमगावच्या रस्त्याला लागेल. सेन्सरने दगा दिला की मोटरची मदत तुटते आणि ऐन वळणावर स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. तेव्हा ते धरणाऱ्या हातांत तेवढा जोर असेलच असं नाही.

म्हणून सरळ रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय घेतलेले पैसे हे माझ्या लेखी लबाडीचे.

तुमची गाडी कुठेही दुरुस्त होवो, पैसे देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. सरळ जाताना स्टेअरिंग तिरपं दिसतं का, वळण संपल्यावर ते आपसूक परत येतं का, गाडी एका बाजूला ओढते का, ते बघा. त्याने बसायला कंटाळा केला तर दुसरा मेकॅनिक शोधा, मग तो मी का असेना.