समित्पाणि : रिकाम्या हाताने कोणी येत नाही



'विद्यार्थी' हा शब्द आपण रोज उच्चारतो. पाठशाळेत आम्हांला या शब्दाचा विग्रह पहिल्याच वर्षी शिकवीत. ज्याला विद्या हवी आहे तो विद्यार्थी. अर्थी म्हणजे मागणारा, याचक. आता येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो की, जो मागायला आला त्याला 'तू काय आणलेस?' असे विचारणे कोणत्या शास्त्रात बसते? भुकेल्याला शिदोरी मागावी तसेच हे झाले. आणि अलीकडे तर काही महाविद्यालयांच्या आणि वसतिगृहांच्या अर्जांत हाच प्रश्न छापलेला असतो. तुझ्या अंगी कोणते गुण आहेत, आमच्या या विद्यार्थिमंडळीत तू कोणती भर घालशील, ते लिही.

उत्तर असे की, हा प्रश्न आजचा नाही, उपनिषदांइतका जुना आहे. गुरूकडे जायचे ते 'समित्पाणि' होऊन जायचे, असा तिथे दंडक आहे. समित्पाणि म्हणजे हातात समिधा घेतलेला. अहो, गुरूच्या घरी लाकडाची काय वाण होती? आश्रम रानातच असे. पण शिष्याने येताना आश्रमाच्या अग्नीत आपला वाटा घेऊन यावे, नुसते ऊब घ्यायला येऊ नये, हे त्यातले मर्म आहे. समिधेला पैसा पडत नाही. ती रानात मिळते. म्हणजे गरिबातला गरीब मुलगाही ती आणू शकेल अशीच वस्तू शास्त्राने मागितली. आणि आमच्या चामोर्शीच्या मुलखात पळसाला काय तोटा आहे?

गेल्या वर्षी चामोर्शीकडे कीर्तनाला गेलो होतो. कीर्तन संपले, मंडळी पांगली, आणि एक मुलगी वडिलांना घेऊन पुढे आली. बारावी झालेली, घरी धानाची दोन-तीन बांध्यांची शेती. हातात अर्जाचा कागद. म्हणाली, "महाराज, यात गुन लिवा म्हनते. मी का लिवू जी? आमाले का येते?" वडील बाजूला मान खाली घालून उभे. ते म्हणाले, "शहरातल्या लेकरायले सारं येते जी. आमच्या पोरीनं का लिवावं?"

सज्जनहो, 'आमाले का येते' या तीन शब्दांत आमच्या रानातल्या किती लेकरांचे शिक्षण बुडाले असेल! फी भरायला पैसे नसले तर शिष्यवृत्ती मिळते, वसतिगृह मिळते, गावही चार पैसे गोळा करते. पण आपल्याजवळ काहीच नाही असे ज्याने मनाशी धरले, तो वर्गात मागच्या बाकावर बसतो, प्रश्न विचारत नाही, आणि दिवाळीला गावी आला की परत जातच नाही. म्हणून या विषयावर आज चार शब्द मांडतो.

प्रथम शंका येते ती आम्हां वारकऱ्यांनाच. आपले गुण आपण सांगावेत काय? संतांनी तर आपल्याला लहानपण शिकवले. आत्मस्तुती हा दोष आहे. मग मुलांनी आपलीच थोरवी कागदावर कशी लिहावी?

याचे समाधान रामायणात आहे. सीतेच्या शोधाला निघालेले वानर समुद्राच्या काठी येऊन थबकले. जो तो आपली उडी किती लांब जाईल ते सांगू लागला. हनुमंत मात्र एका बाजूला गप्प बसला होता. तेव्हा वृद्ध जांबवंत त्याच्याजवळ गेला आणि त्याचे बळ त्याला सांगू लागला. ते ऐकता ऐकता मारुतिराया वाढू लागला, आणि मग स्वतःच्या मुखानेच म्हणाला की मी हा समुद्र ओलांडीन. ही आत्मस्तुती झाली काय? नाही. कारण ते बळ रामकार्यासाठी सांगितले होते. बळ मिरवायला सांगितले तर तो अहंकार, आणि कामाला लावायला सांगितले तर ती सेवा. येथे आणखी एक लक्षात घ्या. हनुमंताला त्याचे बळ आठवून दिले ते एका म्हाताऱ्याने. घरोघरच्या वडीलधाऱ्यांचे हे काम आहे. आपण मात्र लेकराला 'तुला काय येते' एवढेच ऐकवतो!

आता आमच्या लेकरांजवळ काय काय आहे, त्याची मोजदाद करू.

पहिले बळ सत्याचे. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची कथा आहे. त्याने आईला आपले गोत्र विचारले. आई म्हणाली, बाळा, तरुणपणी मी अनेक घरी चाकरी केली, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तू सत्यकाम जाबाल असे सांग. मुलगा हारिद्रुमत गौतमाकडे गेला आणि एक अक्षर न लपवता हे सांगून मोकळा झाला. गुरूने गोत्राचा आग्रह धरला नाही. तू सत्यापासून ढळला नाहीस, जा, समिधा घेऊन ये, म्हणाला. पाहा, त्या गुरुकुलातला प्रवेश एका खऱ्या वाक्यावर मिळाला! मग गुरूने त्याला चारशे रोडक्या गाई दिल्या. यांच्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असे म्हणून तो पोर रानात गेला. तिथे बैलाने, अग्नीने, हंसाने आणि पाणपक्ष्याने त्याला ब्रह्मविद्येचा एकेक पाद शिकवला. परत आल्यावर गुरूने ते रानातले ज्ञान झिडकारले नाही, पुरते केले. रानात शिकलेले ते शिक्षण नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी ही कथा पुन्हा वाचावी.

दुसरे बळ श्रमाचे. जी मुलगी परे काढते, चिखलात दिवसभर वाकून रोवणी करते, उन्हाळ्यात पहाटे उठून मोहफुले वेचते, तेंदूच्या हंगामात पानांचे पुडे बांधते, आणि एवढे करून परीक्षा देते, तिला वेळेची किंमत कोणी शिकवावी? या बळावर एक महाविद्यालय उभे राहिल्याचा दाखला महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहिली, एका पंक्तीला जेवली, आपले काम आपण करून शिकली. १९२७ साली महात्मा गांधी तिथे येऊन गेले. वसतिगृहाची चूल चालावी म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रसुद्धा दिले. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. ज्यांच्या घरात पैसा नव्हता त्या मुलांनी आपले हात आणले. ते हात हीच त्यांची समिधा.

तिसरे बळ भाषेचे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. या जिल्ह्याच्या रानात गोंडी आहे, माडिया आहे, दक्षिणेला तेलुगू आहे, घरोघरी झाडीबोली आहे. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेली बंगाली कुटुंबे आहेत, त्यांच्या घरी चैतन्यांच्या परंपरेचे कीर्तन चालते. येथले पोर बाजाराच्या दिवशी तीन भाषा ऐकते आणि दोन बोलते. पुढे हेच पोर डॉक्टर झाले, तलाठी झाले, वकील झाले, तर माडिया आजीचे दुखणे तिच्याच बोलीत समजून घेईल. एवढे धन गाठीशी असून ते लेकरू म्हणते, माझे इंग्रजी कच्चे आहे, मला काही येत नाही! इंग्रजी शिकता येईल हो. पण आईच्या दुधाबरोबर आलेली बोली विकत मिळत नाही.

चौथे बळ ऐकून घेण्याचे. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव आहे. तिथे ग्रामसभेत मतदानाने निर्णय करीत नाहीत. सर्वांचे एकमत होईतो बोलणे चालू ठेवतात, आणि निर्णयाआधी विषय समजून घ्यायला गावाचा अभ्यासगट बसतो. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हे कोणत्या कॉलेजात शिकले? आपल्या सभेत शिकले. अशा गावातला मुलगा वसतिगृहात राहायला गेला आणि खोलीतल्या चौघांचे भांडण सर्वांचे ऐकून मिटवू लागला, तर त्याने त्या संस्थेला काही दिले की नाही?

पाचवे बळ कलेचे. झाडीपट्टीत धान कापणीनंतर रात्र रात्र नाटके रंगतात, दंडार होते, भजनीमंडळात दहा वर्षांचे पोर मृदंगावर थाप मारते. तोंडपाठ करणे, तालात राहणे, हजार माणसांपुढे न घाबरता उभे राहणे, हे त्याला नकळत येते.

आणि सहावे बळ निष्ठेचे. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा देवस्थान आहे. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. मार्कंडेय ऋषींची कथा तिथे लहान लेकरालाही ठाऊक असते. सोळा वर्षांचे आयुष्य घेऊन आलेल्या त्या मुलाजवळ धन नव्हते, सैन्य नव्हते. धरले ते सोडायचे नाही, एवढे एकच होते. काळ आला तरी त्याने शिवलिंगाला मारलेली मिठी सुटली नाही.

आता हे कागदावर कसे लिहावे? साधा नियम सांगतो. विशेषण लिहू नये, क्रिया लिहावी. 'मी कष्टाळू आहे, मी प्रामाणिक आहे' असे कोणीही लिहील. त्यापेक्षा, 'रोवणीच्या महिन्यात मी सकाळी बांधीत असते आणि रात्री धाकट्या भावंडांचा अभ्यास घेते' असे लिहावे. व्याकरणातसुद्धा क्रियेवाचून वाक्य पुरे होत नाही. वाचणाऱ्याला गुण आपोआप कळतो, आणि लिहिणाऱ्याला अहंकार शिवत नाही. त्या मुलीला मी एवढेच विचारले की बाई, काल दिवसभर काय काय केलेस? ती सांगत गेली आणि वडील ऐकत राहिले. तिच्या कामाची यादी त्यांनीही बहुधा प्रथमच ऐकली.

पण एवढ्याने विषय संपत नाही. समिधा हातात धरून ठेवली तर तिचे नुसते लाकूड. अग्नीत घातली तरच हवन. मुलांनो, तेथे गेल्यावर आपले बळ गाठोड्यात बांधून ठेवू नका. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती ३७ विद्यापीठांतल्या चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन. आज ती महाविद्यालयांत सर्वत्र आहे. तिच्या शिबिरात फावडे धरायची वेळ आली की आमच्या लेकरांनी पुढे व्हावे. शहरातली मुले आपोआप तुम्हांला विचारतील, हे कसे धरायचे? त्या दिवशी तुम्ही शिकवणारे व्हाल. आणि दुसऱ्या दिवशी संगणकापुढे बसताना तुम्ही त्यांना विचारा, लाजू नका. देणे आणि घेणे दोन्ही असले म्हणजे त्याला सत्संग म्हणतात.

कॉलेज आणि वारी यांचे वाकडे आहे असेही कोणी समजू नये. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांचेच शिष्य सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि पायी वारीही करीत होते. उलट बाजूने पाहा. चामोर्शीची महाविद्यालये २०११ साली गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत ज्या नागपूर विद्यापीठाखाली होती, त्या विद्यापीठाला २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. महाराज विद्यार्थी म्हणून कधी कॉलेजची पायरी चढले नव्हते. खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले.

शेवटी महाविद्यालये चालविणाऱ्यांनाही एक विनंती. पालखीच्या मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार दंड उंच करतो आणि लाखाचा समाज क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. तो उद्धटपणा नव्हे, ती रीतच आहे. चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातो, गाऱ्हाणे ऐकतो, आणि मगच आरती होते. रानातून आलेले लेकरू मात्र टाळ वाजवीत नाही. ते गप्प होते आणि एक दिवस निघून जाते. म्हणून तुम्ही आमच्या मुलांना 'काय आणलेस' असे अवश्य विचारा. पण ते सांगू लागले तर तुमच्या चोपदाराने त्यांच्यापर्यंत चालत गेले पाहिजे, त्यांच्या बोलीत ऐकले पाहिजे.

दिंडीत वीणेकरी एकच असतो, मृदंगी दोन-चार, टाळकरी पुष्कळ. कोणी पताका धरतो, कोणी माउली डोईवर तुळशीवृंदावन घेते, कोणी पाणी देतो, कोणी मुक्कामाला चूल पेटवतो. 'तुला वीणा येत नाही तर घरी जा' असे आजवर कोणत्याही दिंडीने कोणाला म्हटलेले नाही. वारकरी मायबापहो, यंदा आपल्या गावातून जे लेकरू शिकायला निघेल, त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि त्याच्या हातात कोणती समिधा आहे ती त्याला दाखवून द्या. जांबवंताचे हे काम आपल्याकडे आले आहे, ते चुकवू नका.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!