दुय्यम

'दुय्यम' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, तेव्हा त्याचा अर्थ साधा होता : दुसरा. मराठीत तो दोन घरी नांदतो. 'दुय्यम निबंधक' म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. ते एक पद आहे आणि घराच्या नोंदणीसाठी आपण त्याच्या दारात रांग लावतो. 'दुय्यम प्रतीचा' म्हटले की मात्र त्याच शब्दाला काटे फुटतात. मी चंडीगडला राहते. इथल्या हिंदीत तो 'दोयम' होऊन भेटतो आणि बहुधा 'दर्जा'चा हात धरूनच येतो. भाषांतर करणाऱ्या माणसाला हा शब्द ओळखीचा असतो. मूळ लेखक पहिला, आपण दुसरे. दुसरे असणे मला मान्य आहे. दुसरे म्हणून कमी असणे मान्य नाही. क्रम आणि किंमत या दोन गोष्टी एकाच शब्दात कशा मिसळल्या आणि त्या पुन्हा वेगळ्या काढता येतील का, हा प्रश्न मला पुस्तकांपेक्षा इथल्या एका फुटबॉल क्लबमुळे जास्त स्पष्ट झाला.

आधी इंग्लंडकडे पाहू, कारण श्रेणींची कल्पना आपण तिथूनच घेतली. तिथे २००४ पासून दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेला 'चॅम्पियनशिप' म्हणतात आणि तिसरीला 'लीग वन'. भाषांतरकाराने कपाळाला हात लावावा अशी ही नावे : दुसऱ्याला दुसरा म्हणायची लाज वाटली म्हणून तिसऱ्याला पहिला करून टाकले. नावे गोड केली तरी शिडी मात्र खरी आहे. २४ क्लब, प्रत्येकाचे ४६ सामने. शेवटी तीन क्लब वर जातात, तीन खाली उतरतात. तिथला क्लब दुसऱ्या श्रेणीत असतो तो 'यंदा'. या 'यंदा'त सगळे आले. दुय्यम असणे ही तिथे एक अवस्था आहे, जात नाही.

हा फरक भारतीय माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू समाजाला अशा मनोऱ्याची उपमा दिली होती, ज्याला मजले आहेत पण शिडी नाही. त्या अन्यायाशी फुटबॉलची बरोबरी करण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे माणसांची आयुष्ये चिरडली गेली, इथे फार तर एखादा हंगाम फुकट जातो. पण त्या उपमेने एक कसोटी हाती दिली. मजले असणे आणि शिडी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणतीही उतरंड पाहिली की विचारावे : शिडी आहे का, आणि ती कोणासाठी?

आता आमचा क्लब. मिनर्व्हा पंजाब २०१५-१६ साली आय-लीगच्या दुसऱ्या विभागात खेळत होता. त्या विभागात गोव्याचा डेम्पो पहिला आला, मिनर्व्हा दुसरा. डेम्पो म्हणजे पाच वेळा देशाचा विजेता झालेला क्लब. पण २०१६ मध्ये, इंडियन सुपर लीगला, म्हणजे आयएसएलला, सर्वोच्च स्थान देण्याची योजना पुढे आली आणि तिच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि डेम्पो हे तिन्ही गोमंतकीय क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. आयएसएल २०१४ साली सुरू झाली होती; तिच्यात जागा मिळे ती पैसे भरून, खेळून नव्हे. मिनर्व्हा आय-लीगमध्ये आला. पहिल्या हंगामात दहांपैकी नववा. दहावा आला तो मुंबई एफसी. तो खाली गेला आणि पुढे बंदच पडला. कूपरेजवर त्याच्यासाठी घसा कोरडा करणाऱ्यांना विचारा, नववा आणि दहावा यांत किती अंतर असते.

आणि पुढच्याच हंगामात हा नववा पहिला आला. ८ मार्च २०१८ रोजी पंचकुल्याच्या ताऊ देवीलाल स्टेडियमवर मिनर्व्हाने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला १-० असे हरवले आणि आय-लीग जिंकली. फगवाड्याच्या जेसीटीने १९९६-९७ साली पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती; त्यानंतर उत्तरेत विजेतेपद आले ते आता, आणि तोवर जेसीटीचा संघ बंद होऊनही सात वर्षे झाली होती. या विजेतेपदाने मिनर्व्हासाठी आशियाई स्पर्धेचे दार उघडले, तो इराणच्या सायपा क्लबशी खेळून आला. पण आपल्याच देशातल्या दुसऱ्या लीगचे दार बंद राहिले. २०२० मध्ये ईस्ट बंगाल आयएसएलमध्ये गेला तो आय-लीग जिंकून नव्हे. पैसा उभा राहिला म्हणून. तेव्हा मिनर्व्हावर अन्याय झाला का?

जॉन रॉल्सने १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये इथे उपयोगी पडेल असा भेद केला आहे : लायकी वेगळी आणि नियमांनी निर्माण केलेला हक्क वेगळा. उदाहरणही त्याने खेळाचेच घेतले. हरलेला संघ जिंकायला लायक होता असे आपण सामन्यानंतर म्हणतो, तेव्हा जिंकलेल्यांचा चषकावरचा हक्क नाकारत नसतो. हक्क जाहीर नियमांतून येतो. या मापाने पाहिले तर २०१८ च्या मिनर्व्हाचा हक्क कोणी हिरावला नाही, कारण वर नेण्याचे वचन कोणी दिलेच नव्हते. तरीही मनाला हे पटत नाही, आणि ते पटू नये असे मला वाटते. वचन मोडणे हा एक अन्याय. ज्यांना वचन द्यायला हवे त्यांना ते द्यायचेच नाही, अशी रचना करणे हा दुसरा. पहिल्याची तक्रार करता येते. दुसऱ्याची तक्रार कुठल्या खिडकीवर करावी हेच कळत नाही, कारण सगळे कागद नियमाप्रमाणे असतात.

वचन अखेर २०१९ मध्ये आले. आशियाई महासंघाच्या संमतीने असे ठरले की २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता प्रवेशशुल्क न भरता आयएसएलमध्ये जाईल. त्याच हंगामापासून आय-लीग अधिकृतपणे दुसरी श्रेणी झाली. म्हणजे तिचे दुय्यमपण आणि तिची शिडी एकाच वेळी आली. दुय्यम म्हणवून घेतल्याशिवाय वर जाता येत नव्हते, ही गोष्ट वरवर पाहता अपमानाची. मला ती न्यायाच्या जवळ जाणारी वाटते. क्लबची मालकी तोवर राउंडग्लासकडे गेली होती. या संघाने पंचकुल्यात आणि बाहेर मिळून २२ सामन्यांत ५२ गुण मिळवले, आणि खेळून वर गेलेला पहिला क्लब ठरला. त्याच हंगामात मुंबईचा केंकरे आणि दिल्लीचा सुदेवा खाली गेले. त्या वर्षी पंचकुल्याचे सामने पाहताना बाकड्यांवर मोकळ्या जागा पुष्कळ होत्या. पण मैदानातला प्रत्येक चेंडू कुठेतरी जात होता.

मग एक विचित्र गोष्ट घडली. वर गेलेल्या पंजाब एफसीचे आयएसएलमधले घरचे सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर होऊ लागले. इथून अडीचशे किलोमीटर. आमच्या शेजारचे निवृत्त सरदारजी नातवाला घेऊन पंचकुल्याला जात, मी त्यांना विचारले, "अंकलजी, आता सामने कुठे पाहता?" ते म्हणाले, "बेटा, मुलगी मोठ्या घरात दिली. आता टीव्हीवर दिसते." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, अभिमानच होता, आणि त्या अभिमानाची किंमतही होती. वर जाण्याचे मोल सगळ्यांना सारखे पडत नाही. खेळाडूंना पगार, मालकांना प्रतिष्ठा. मागे राहिलेल्या प्रेक्षकाला एक रिकामे मैदान.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत असे मला वाटते. पहिला प्रश्न न्यायाचा : शिडी दोन्ही बाजूंनी चालते का? पंजाबला वर घेणाऱ्या आयएसएलमधून त्याच्या जागी खाली कोणी उतरले नाही. पडण्याची भीती फक्त खालच्यांनी बाळगायची, हा अर्धा न्याय. जिथे वरचा खाली येऊच शकत नाही, तिथे वर असणे हे कर्तृत्व नसते, मालमत्ता असते.

दुसरा प्रश्न मोलाचा, आणि त्याचे उत्तर शिडीवर अवलंबून नाही. चंडीगडचा संदेश झिंगन पुढे भारतासाठी खेळला, २०२० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याची सुरुवात युनायटेड सिक्कीमकडून, दुसऱ्या विभागात झाली. ते सामने त्याच्या पुढच्या नावामुळे मोलाचे ठरले, असे म्हटले तर त्याच्याबरोबर खेळलेल्या आणि कुठेच न पोहोचलेल्या मुलांचे काय? त्यांनी अडवलेला चेंडूही तितकाच खरा अडवलेला होता. दुसऱ्या श्रेणीतल्या खेळाला पुढच्या पायरीची आशा मिळायलाच हवी, पण ती आशा म्हणजे त्या खेळाचे प्रमाणपत्र नव्हे.

क्रम लावणाऱ्यांनी शिडी द्यावी, हे त्यांचे देणे. किंमत मात्र त्यांच्या हातात देऊ नये. अनुवाद मूळ होत नाही, होऊ पाहतही नाही. तरी त्यातले चांगले वाक्य त्याच्या स्वतःच्या भाषेत पहिल्यांदाच उच्चारलेले असते. निबंधकापुढचा 'दुय्यम' आणि प्रतीमागचा 'दुय्यम' यांत मी पहिलाच निवडते : तो क्रम सांगतो, आणि बाकीचे त्याच्या कामावर सोडतो.