पिशवीतील दोन वजने

मुंबईहून गोव्याकडे जाताना बांदा मागे पडले की पत्रादेवी लागते. पेडणे तालुक्याचे हे वेशीवरचे ठिकाण. येथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हाती शस्त्र न घेता गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी ठिकठिकाणी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पंजाबातून आलेले तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल पत्रादेवीलाच पडले.

यानंतर साडेतीन महिन्यांनी, २ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी एक संयुक्त पत्रक काढले. त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' म्हणून होता. चार दिवसांनी डलेससाहेबांनी वार्ताहरांना सांगितले की, आपल्या माहितीप्रमाणे सारे जग गोव्याला पोर्तुगीज प्रांत मानते आणि सुमारे चारशे वर्षे तो पोर्तुगालचाच आहे.

आता पेडणे-डिचोलीच्या लोकांनी यावर काय म्हणावे? जुने गोवे शहर १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती गेले हे खरे. पण पेडणे व डिचोली हे 'नव्या काबिजादी'तले तालुके. डिचोली १७८१ नंतर आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. १७८८ म्हणजे अमेरिकेची राज्यघटना मंजूर झाली तेच साल. इंग्रजांचे जू झुगारून देऊन ज्या राष्ट्राने स्वतःची घटना केली, त्याच्याच मंत्र्याला त्याच वर्षी जुवाखाली गेलेले पेडणे 'चारशे वर्षांचे' वाटावे, हे नवल नव्हे काय?

डलेस हे कोणी उपरे गृहस्थ असते तर आम्ही या पानांवर त्यांचे नाव घेतले नसते. ते प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या संघाने न्याय्य व टिकाऊ शांततेचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष तेच होते. या आयोगाने १९४३ मध्ये शांततेचे सहा आधारस्तंभ मांडले. पराधीन लोकांना स्वायत्तता मिळावी हा त्यांपैकी एक होता. मग बारा वर्षांत हा स्तंभ कोठे गेला?

त्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो कराराचा संस्थापक सभासद होता. अटलांटिक महासागरातील त्याच्या अझोर्स बेटांवर अमेरिकेचा विमानतळ होता, आणि युरोपच्या संरक्षणासाठी तो फार मोलाचा होता. शिवाय त्याच दिवसांत ख्रुश्चेव्ह व बुल्गानिन भारतात फिरत होते आणि गोव्याच्या प्रश्नावरून पाश्चात्त्यांवर टीका करीत होते. पत्रकाचा रोख मुख्यतः त्यांच्यावर होता. मूळ वादाविषयी आपण मत दिलेले नाही, असा खुलासाही अमेरिकेकडून झाला. हे सर्व खरे आहे. पण यातून एवढेच सिद्ध होते की मित्राला सांभाळणे जरुरीचे होते. मित्र न्यायी आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. गरज ही गरज म्हणून सांगावी. तिला सत्याचा झगा घालू नये.

अनुवादाच्या पुस्तकात इस्राएलास बजावले आहे की, पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची वजने बाळगू नका. बाजारातला हा साधा नियम राष्ट्रांच्या बाजारालाही लागू आहे असे आम्हांस वाटते. आणि दोन वजनांची शिक्षा कशी होते तेही याच प्रकरणात दिसले. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने सैन्य पाठवून गोवा मुक्त केला. १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी बळाच्या वापराचा कळकळीने निषेध केला. बळाने प्रश्न सोडविण्याची चटक राष्ट्रांना लागू नये, या त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते; ख्रिस्ती मनाला ते डोळ्यांआड करता येत नाही. पण १९५५ साली निःशस्त्र माणसे मारली गेली तेव्हा पोर्तुगालला कठोर शब्द कोणी ऐकविला होता? सौम्य मार्गाने गेलेल्यांच्या वेळी जो गप्प बसतो, त्याचा बोध शस्त्र उचलल्यावर कोणी ऐकत नाही. ठराव सात मतांनी मान्य होऊनही रशियाच्या नकाराधिकाराने पडला.

परंतु वाचकहो, बोट दुसऱ्याकडे दाखवून हा विषय संपवू नये. नोव्हेंबर १९५६ मध्ये रशियाच्या रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला. ४ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला तेव्हा आपला भारत तटस्थ राहिला. गोव्याच्या प्रश्नात रशियाने आपली पाठराखण केली होती. पेडण्याचे रक्त आणि बुडापेस्टचे रक्त एकाच तागडीत घालणे आपल्यालाही जड गेले.

अमेरिकेचा दुसरा चेहराही कोकणाने पाहिला आहे. पेडण्याच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर वेंगुर्ले आहे. तेथे डॉ. गोहीन या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टरांनी वर्षानुवर्षे रोग्यांची सेवा केली. वेंगुर्ल्यातच जन्मलेले त्यांचे पुत्र रॉबर्ट गोहीन पुढे १९७७ ते १९८० या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते. या उपकारांमुळे आपल्या मंडळ्यांना अमेरिकेच्या चुकीवर बोलताना संकोच वाटे. पण उपकाराची फेड खोट्या साक्षीने होत नाही. वेंगुर्ल्याच्या दवाखान्याबद्दल ऋणी राहूनही वॉशिंग्टनच्या पत्रकाला अन्याय्य म्हणता येते. किंबहुना ज्याचे आपण ऋणी असतो, त्याला खरे सांगण्याचे कर्तव्य अधिकच असते.

शब्बाथशाळेतील शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. मुलांना विचारावे: मित्राच्या मुलाने चोरी केली तर तुम्ही काय म्हणाल? आणि तेच परक्या मुलाने केले तर? मोठ्यांनीही पंच कमिटीत बसताना, नेमणुकीसाठी शिफारस करताना, जातभाईची बाजू घेताना हाच प्रश्न स्वतःला करावा. आयोगात बसून स्वायत्ततेचा स्तंभ उभारणे डलेससाहेबांना फारसे जड गेले नसावे, कारण तेथे अझोर्सचा विमानतळ पणाला लागलेला नव्हता. आपल्यापैकी प्रत्येकाचा एकेक अझोर्स असतो. ज्या दिवशी तो पणाला लागतो, त्या दिवशी आपण पिशवीतून कोणते वजन काढतो, त्यावरून आपली परीक्षा होते.