फडक्यातली भाकरी

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. दोनेक वर्षांपूर्वी त्याने एक घर घेतले, आणि त्या घराला चाके आहेत. मोटारीच्या मागे जोडायचे आणि निघायचे. आत दोन खाटा, शेगडी, शीतकपाट, भांडी घासायची जागा, सारे जागच्या जागी बसविलेले. तिकडे त्याला ट्रेलर म्हणतात. जोडून सुटी आली की ही मंडळी एखाद्या तळ्याच्या काठी जाऊन उतरतात, आणि घरी रांधण्याची सगळी यंत्रे असताना उघड्यावर लाकडे पेटवून जेवतात. त्याचा टेलिफोन आला तो मला नव्हे, माझ्या पत्नीला. "मामी, चार दिवस टिकेल आणि खाताना जिवाला बरे वाटेल असे प्रवासात काय काय नेता येईल?"

हा प्रश्न म्हणजे तिच्या माहेरचाच विषय. तिने आधी दशम्या सांगितल्या. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे. अशी भाकरी मऊ राहते आणि टिकते. मग आमच्या मराठवाड्याचे धपाटे: ज्वारीच्या पिठात थोडे डाळीचे आणि गव्हाचे पीठ, लसूण, मिरची, तीळ, ओवा, आणि थापायला ओले फडके. बरोबर शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, मेतकूट, गुळपापडीच्या वड्या. "कांदा घातलेले असेल ते पहिल्याच दिवशी संपव," हा इशाराही दिला. भाचा तिकडे लिहून घेत होता आणि मी इकडे ऐकत होतो. लहानपणी गोष्टीतल्या राजपुत्राबरोबर त्याची आई तहानलाडू आणि भूकलाडू बांधून देई. त्या लाडवांत काय असे ते कोणत्याही आजीने सांगितले नाही, पण राजपुत्राच्या पराक्रमापेक्षा त्या लाडवांचाच हेवा मला अधिक वाटे.

बाहेर खाल्लेले अन्न गोड का लागते, याचे उत्तर अवघड नाही. चालून पाय दुखलेले असतात, वारा लागलेला असतो, जेवायला उशीर झालेला असतो. भूक हेच अन्नाचे तोंडीलावणे, असे सॉक्रेटिसाने म्हटल्याचे सिसेरोने नमूद केले आहे. एपिक्युरस तर सुखवादी. पण गरज असताना मिळालेली साधी भाकर आणि पाणी यांत परमसुख आहे, असे त्याचेच मत. आपल्याकडे एवढी लांबण कोणी लावली नाही. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा, एवढ्यात सारे आटोपले. ही म्हण मी शाळेत अनेकदा विद्यार्थ्यांना समजावून सांगितली आहे. आता ती समजावताना जीभ अडते. का, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो.

ट्रेलर आमच्या बीड जिल्ह्यातूनही निघतात. लोक त्यांना ट्रॉली म्हणतात, आणि एका ट्रॅक्टरला सहसा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. दसरा झाला की दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई, धारूर, केज, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर उभे राहा. या ट्रॉल्या पश्चिमेकडे चाललेल्या दिसतील. त्यांतही घर असते, फक्त ते बसविलेले नसते, रचलेले असते. पत्र्याची पेटी, पाण्याचे पिंप, चुलीचे सामान, कोपी उभारायला बांबू आणि ताडपत्री, गोधड्या, एखादी शेळी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सर्वांच्या वर बसलेली पोरे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. माणसाची मोजणी हत्याराने करणारी दुसरी भाषा मला ठाऊक नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची.

१९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक धुराडी उभी राहिली. पाणी तिकडे, ऊस तिकडे. आमच्याकडे बालाघाटाच्या उतरणीवर खरिपाचे एक पीक पदरात पडले की हात मोकळे. ते मोकळे हात तिकडे गेले. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुळली आणि आता तिच्यावरून नातवंडे जातात.

गेल्या वर्षी दिवाळीला आठवडा असताना आम्ही सौताड्याचा धबधबा पाहायला निघालो होतो. मुलगा, सून, नातू, आम्ही दोघे. मोटारीत फराळाचे डबे होते, पण ते दरीच्या काठी बसून उघडायचे असे नातवाने ठरविले होते. वाटेत एका लिंबाखाली दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. एकीचे चाक काढलेले. आमच्या मोटारीतले पाणी संपले होते, म्हणून आम्हीही थांबलो. मंडळी जेवायला बसली होती. एक म्हातारी नातवंडांना वाढीत होती. कोपीवर पोरे सांभाळायला अशी एखादी आजी बरोबर नेतात. तिने पाणी दिले, आणि माझ्याकडे पाहून फडक्यातली एक भाकरी काढून तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवून पुढे केली.

"खा की दादा. नव्या बाजरीची हाय."

मी नको म्हटले. पण आपले नको कितपत खरे असते ते वाढणाऱ्या बाईला बरोबर कळते. भाकरी घेतली. ती पहाटे भाजलेली होती, तिचा पापुद्रा चिवट झाला होता, कडेला धुराचा वास होता, ठेच्यात लसूण आणि जाडे मीठ दाताखाली येत होते. वाचकहो, खोटे कशाला बोलू? इतके चांगले मी कित्येक महिन्यांत खाल्ले नव्हते. तिने आणखी अर्धी पुढे केली. मी तीही खाल्ली.

"तिकडं गेल्यावर इकतची बाजरी," ती म्हणाली. "तिला ही चव नसती. म्हून निघताना पायलीभर घरची दळून घेतो. तेवढी लेकरांना पुरवून घालायची."

मग तिने फडके बांधले. बांधण्यापूर्वी हाताचा पंजा उरलेल्या भाकरींवर ठेवून तो किंचित दाबला. घरोघरच्या बायका असा हात ठेवून किती उरले ते पाहतात. माझी आईही पाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या भाकरी संध्याकाळच्या होत्या.

त्या दीड भाकरीने माझी झोप काही दिवस खाल्ली. मी काही अपराध केला काय? माझ्या आजोबांना या लिंबाखाली वेगळाच प्रश्न पडला असता: कोणाच्या हातचे खावे? तो प्रश्न कधीच पडायला नको होता. माझा प्रश्न निराळा आहे. कोणाच्या वाटणीचे खावे? घेतली नसती तर तिचा अपमान झाला असता, हे उत्तर पहिल्या भाकरीपुरते बरे आहे. पुढची अर्धी मी तिच्या मानासाठी खाल्ली नाही, चवीसाठी खाल्ली.

आणि चव आली कोठून? भुकेतून म्हणावे, तर मी भुकेला नव्हतो. सकाळी पोहे झाले होते. ती चव थोडी बाजरीची होती, थोडी रानाची होती, आणि बरीचशी यातून आली होती की मला ती रोज खायची नव्हती. एपिक्युरसने एका मित्राला लिहिले होते म्हणतात, की मला चीजचे एक लहानसे भांडे पाठव, म्हणजे मनात आले की मेजवानी करीन. हा दाखला त्याच्या साधेपणाचा म्हणून देतात. मला त्यात 'मनात आले की' हे शब्द दिसतात. माझ्या भाच्याच्या ट्रेलरमध्येही तेच भांडे आहे. तो चार दिवस उघड्यावर राहतो आणि पाचव्या दिवशी परत येतो. पहाटे तीनला उठून अंधारात भाकरी थापायची, उजाडायच्या आत फडात जायचे, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आणि खाडा पडला तर पैसे कापले जायचे, अशी त्याच्या सहलीची अट नाही. खाड्याची धास्ती बायकांना कुठवर नेते, हे १९ साली महाराष्ट्राने पाहिले. गर्भाशय काढलेल्या आमच्याच जिल्ह्यातल्या बायकांची चौकशी करायला शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अशा बाईला भुकेला कोंडा गोड असतो, हे कोणी सांगावे? ही म्हण कोंडा खाणाऱ्याने स्वतःपुरती म्हटली तर ते धैर्य असते. पोटभर जेवलेल्याने दुसऱ्याला ऐकविली तर तिला मी काय म्हणावे हे दिवाळीच्या दिवसांत लिहीत नाही.

आपल्याकडे गोपाळकाला आहे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालविल्या, आणि कोणाचे काय हे उरले नाही. सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या कीर्तनात हे ऐकताना डोळे भरून येतात. लिंबाखाली झाला तो काला होता, असे मनाला पटवून पाहिले. आमचाही चिवडा तिकडे गेला होताच. पण काल्यातले गोपाळ सायंकाळी एकाच गोकुळात परत जात होते. आम्ही एका बाजूला गेलो, त्या ट्रॉल्या दुसऱ्या बाजूला.

असे सगळे रचून मी एका स्नेह्याकडे गेलो. तो आता शिक्षक आहे, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. बालपणीचे सहा हिवाळे त्याने कोपीत काढले आहेत. मला वाटले, तो मान डोलावील. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "भाकरी कशी होती?"

"उत्तम होती," मी म्हणालो.

"मग तेवढेच सांगा ना, सर. तुम्ही लोक आमच्या भाकरीला एक तर ओवाळता, नाही तर तिच्यावर रडता. आम्हाला काय आवडायचे, हे कोणी विचारीत नाही."

मी विचारले. तासभर तो बोलत होता. पाचट भडकन पेटते आणि लगेच विझते, त्यावर भाकरी साधत नाही; म्हणून आई वाटेत दिसेल ते लाकूड मोळीबरोबर आणी. गरम पिठले तव्यातच असावे, आणि तव्याची खरवड धाकट्याला मिळावी, असा कायदा होता. बाजारच्या दिवशी सुकट यायची. तिचा वास सगळ्या तळावर फिरे आणि कोणाच्या कोपीत काय शिजते हे लपत नसे. ऊस तर दिवसभर तोंडात, पण पोरांना गोडाचा कंटाळा येई. त्यांना हवा असे आंबट बोरांचा किंवा चिंचेचा तुकडा. एका हिवाळ्यात येळवसेची अमावास्या कोपीवर आली. गावाकडे त्या दिवशी लोक स्वतःच्या शेतात जातात, भज्जी आणि आंबील करतात, रानात जेवतात. आईने परक्याच्या उसाच्या बांधावर ताक मागून आणून आंबील केले. "घरच्यासारखे झाले नव्हते," तो म्हणाला. "पण आम्ही तिला तसे सांगितले नाही." हे सांगताना तो हसत होता. नंतर म्हणाला, "सर, आपल्या पोरीला मी एकदाही तिकडे नेलेले नाही. नेणारही नाही."

त्या दोन्ही गोष्टी त्याने एका श्वासात सांगितल्या आणि त्याला त्यांत काही विसंगत वाटले नाही. मी मात्र त्यांतली एक धरली की दुसरी सोडीत होतो. त्या म्हातारीनेही मला दया मागितली नव्हती. घरची बाजरी आणि विकतची बाजरी यांतला फरक तिने मला सांगितला होता. जिभेची पारख असलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगावा तसा. मी तो ऐकला, आणि घरी येऊन फक्त तिच्या गरिबीचा हिशेब मांडीत बसलो. तरीही तिचा हात त्या फडक्यावर दाबलेला मला दिसतो, आणि अर्धी भाकरी वर घ्यायला नको होती असेच वाटते. स्नेह्याच्या बोलण्याने ते वाटणे कमी झाले नाही. झाले असते तर मला त्याचा संशय आला असता.

एक सांगायचे राहिले. निघताना मी खिशात हात घातला, तेव्हा पत्नीने मला डोळ्यांनी थांबविले, आणि सुनेने मोटारीतला चिवड्याचा डबा आणून म्हातारीपुढे ठेवला. "डबा राहू द्या, आजी," सून म्हणाली. म्हातारीने ऐकले नाही. चिवडा पदरात ओतून घेतला, डबा लुगड्याच्या टोकाने पुसला, आणि ट्रॉलीत चढून कुठल्याशा गाठोड्यात हात घालून दोन सीताफळे आणली. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे मला ठाऊक होते, तिला नसावे.

"बांधावरची हायेत. भांडं रिकामं देऊ नाही," म्हणून ती तिने डब्यात घातली.

फळे कडक होती, डोळे नुकते उघडलेले. घरी आल्यावर पत्नीने ती ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवली. एक तिसऱ्या दिवशी पिकले. दुसरे धनत्रयोदशीला काढले, तेव्हा ते एका बाजूने दबले होते. नातवाने ते चमच्याने खाल्ले आणि बिया मोजून खिडकीत वाळत ठेवल्या. बावन्न निघाल्या.